पहार टाइप आणि एक लग्नपत्रिका

संपादकांचा निरोप आला, छापखान्यातल्या दिवसांबद्दल चार अक्षरं लिहून द्या. मला हसू आलं. अक्षरं लिहायची सवय मला कधीच नव्हती. मी ती लाकडात कापली, आणि तीही उलटी. सुलट लिहायला बसलो की अजून हात अडखळतो, तेव्हा वाचकांनी जरा सांभाळून घ्यावं.

मी सुताराचा मुलगा. स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या एक-दोन वर्षांत कल्याणात पारनाक्याजवळच्या एका छापखान्यात गेलो, तो खिळे ठेवायची लाकडी खणं दुरुस्त करायला. खिळे म्हणजे छपाईचे शिशाचे टाइप. दुरुस्ती चार दिवसांची होती, मी तीस वर्षं राहिलो. मालकांना आम्ही दादासाहेब म्हणायचो. वकिलीचा अभ्यास अर्धवट सोडून त्यांनी छापखाना काढलेला. खिळ्याला त्यांनी कधी हात लावला नाही, पण छापलेला कागद त्यांच्या नजरेतून सुटत नसे. खिळे जुळवायला गणूतात्या होते. तोंडात सुपारी, नाकावर चष्मा, आणि बोटं अशी चालायची की बघत राहावं.

पहारीचा जन्म घाईगर्दीत झाला. डोंबिवलीच्या एका नाटक मंडळीला भिंतीवर चिकटवायचं मोठं पत्रक हवं होतं. रस्त्याच्या पलीकडून वाचता आलं पाहिजे, अशी अट. आमच्याकडचा सगळ्यात मोठा खिळा अंगठ्याएवढा. मुंबईहून मोठी लाकडी अक्षरं मागवायला सवड नव्हती. दादासाहेब मला म्हणाले, सुताराचा ना तू, मग काप. माझ्याजवळ होती सरळ धारेची पटाशी. वळणं कोरायची गोल पटाशी वडिलांच्या पेटीत, आणि वडील पेटी घेऊन टिटवाळ्याला कामावर गेलेले. मग मी वळणं कोरलीच नाहीत. जिथे वळण, तिथे कोपरा केला. ‘क’चं पोट तिकोनी झालं, ‘र’ला गुडघा आला, आणि प्रत्येक रेघेची जाडी माझ्या दोन बोटांएवढी.

तात्यांनी पहिलं अक्षर हातात घेतलं, वजन केल्यासारखं वरखाली केलं आणि म्हणाले, “हे अक्षर नाही रे नारायण, पहार आहे.” तेच नाव पडलं. पुढे गिऱ्हाईकंसुद्धा दारातून विचारायची, पहारीत छापून मिळेल का. नाटक दुसऱ्याच प्रयोगाला पडलं, पण पत्रकासमोर माणसं उभी राहून वाचत होती हे मी स्वतः पाहिलं आहे. त्या दिवशी मी घरी जरा ताठ चालत गेलो.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट समजावून सांगायला हवी. छपाईचा ठसा नेहमी उलटा असतो. आरशात दिसावं तसं अक्षर कोरायचं, आणि ओळही उजवीकडून डावीकडे लावत जायची. शाई लावून कागद दाबला की सगळं सुलट उमटतं. आम्ही दिवसभर हेच उलटं वाचत असू. सहा महिन्यांत डोळे असे तयार होतात की आपण उलटं वाचतोय हे ध्यानातही राहत नाही. ही कारागिरी आहे असं आम्हाला वाटायचं. तिचाच एकदा घोटाळा झाला, तो सांगण्यासाठीच हा लेख आहे.

पण आधी पहारीची थोडी मिरवणूक. कुस्त्यांची दंगल, सर्कस, व्यायामशाळेचा उत्सव, नवं दुकान उघडणं, या सगळ्यांना पहार हवी असायची. ठाण्याचे एक वैद्य आले. मूळव्याधीच्या औषधाचं पत्रक पहारीतच पाहिजे, लांबून दिसलं पाहिजे म्हणाले. दिलं छापून. पंधरा दिवसांनी कुरकुरत परत आले. पत्रक एवढं लांबून दिसत होतं की त्याच्यासमोर थांबून पत्ता टिपून घ्यायला माणसं लाजत होती. मग बारीक खिळ्यांत छापलेला पत्ता तेवढा आम्ही पहारीत घेतला, म्हणजे चालता चालता वाचता यावा. वैद्य खूश झाले आणि मला एक चूर्णाची पुडी देऊन गेले. मला काही त्रास नव्हता, पण मी घेतली.

पहिल्या निवडणुकीत एका उमेदवाराचं आडनाव सहा अक्षरांचं निघालं. कागदात मावेना. अक्षरं थोडी बारीक करा म्हणाले. मी म्हटलं, साहेब, पहार उपास करत नाही. शेवटी आडनावाची दोन ओळींत फोड केली, आणि काही लोकांना वाटलं, दोन उमेदवार उभे आहेत. ते पडले. त्यातला थोडा वाटा माझ्याकडे येतो, असं मला आजही वाटतं.

दादासाहेबांचे दोन नियम होते. पहिला, लग्नपत्रिकेत पहार घालायची नाही. पहार ओरडते, आणि लग्नाचं आमंत्रण हळू आवाजात द्यायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. दुसरा नियम सगळ्या कामांना लागू होता. छापलेल्या कागदाच्या पाठीवर ठसा जाणवता कामा नये. दाब जास्त झाला की अक्षर कागदात रुततं आणि मागे उठून येतं. ते गावठी काम. दादासाहेब पहिला कागद उपडा करून त्याच्यावरून बोट फिरवत. बोटाला काही लागलं तर बोलत नसत, नुसता कागद परत देत. आम्हाला ते शिवीपेक्षा जास्त लागे.

तर आता कमलताई. गणूतात्यांच्या बहिणीची मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पाचव्या वर्षी देवी आल्या आणि दृष्टी गेली. पुढे आईवडीलही गेले. ती आणि तिचा धाकटा भाऊ शरद, दोघं तात्यांकडे वाढले. शरदला भुसावळला रेल्वेत नोकरी लागली, कमलताई इथेच राहिली. तात्यांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. रोज दुपारी ती भिंतीच्या कडेकडेने तात्यांचा डबा घेऊन यायची, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत माझ्या लाकडी अक्षरांच्या फळीजवळ स्टुलावर बसायची.

एकदा तिचा हात सहज फळीवर गेला. एक अक्षर उचलून तिने सगळीकडून चाचपलं आणि विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, ‘म’. दुसरं उचललं, तो ‘ल’ होता. तात्यांनी पूर्वी तिला मुंबईहून आलेले गोल वळणाचे खिळे हातात देऊन पाहिलं होतं, पण तिला काही उमगलं नव्हतं. ती म्हणाली, “त्यांच्यावरून बोट घसरायचं. याला कोपरे आहेत. बोट थांबतं.” माझ्या पटाशीची कुणी एवढी तारीफ केली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मी तिला अक्षरं शिकवायला लागलो. वर्षभरात तिला मुळाक्षरं आली, काना-मात्रा आल्या, जोडाक्षरंही आली. मी ठसे ओळीत लावून द्यायचो आणि ती बोटाने वाचायची. जेवता जेवता तात्या शब्द सुचवायचे.

तिला अक्षरांची हौस नव्हती, गरज होती. शरदला ठाण्याची एक मुलगी सांगून आली होती. मुलगी त्याने पाहिलेली, आवडलेलीही. पण तो हो म्हणत नव्हता. ताईची व्यवस्था लागल्याशिवाय मी लग्न करणार नाही, हे त्याचं पालुपद. कमलताईने तात्यांकडून तीनदा पत्र लिहून घेतलं, की माझ्यासाठी थांबू नकोस. तिन्ही वेळा त्याचं उत्तर एकच. मामा, तिच्या तोंडी तुमचे शब्द घालू नका. आपल्या पायी भाऊ अडकून पडलाय, हे तिला आत कुठेतरी रोज टोचत होतं. एकदा ती मला म्हणाली, “मी सांगितलेलं त्याच्यापर्यंत पोचतच नाही. मध्ये कुणाचा तरी हात असतो.” मुलीच्या वडिलांनी तुळशीच्या लग्नापर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. त्यानंतर ते दुसरं स्थळ बघणार होते.

मी तिला एक पातळ फळी करून दिली, ओळीएवढ्या खाचा पाडलेली. कागदावर फळी ठेवायची आणि खाचेत पेन्सिल चालवायची, म्हणजे ओळ वाकडी जात नाही. दोन महिने तिने सराव केला. दसऱ्यानंतर एका दुपारी तिने माझ्या हातात कागद ठेवला. मी वाचला. तात्यांना दिला, त्यांनी वाचला. एक मात्रा राहिली होती, ती तिने तिथल्या तिथे दिली. तात्यांनी चष्मा पुसला. आम्ही दोघांनी मिळून पत्र पाकिटात घातलं आणि मी स्वतः जाऊन पेटीत टाकून आलो.

उत्तर आलं नाही. आठवडा गेला, दोन गेले. डबा ठेवल्यावर तिचा पहिला प्रश्न, टपाल आलं का. मग ती विचारायचीही थांबली. तुळशीच्या लग्नाला पाच दिवस उरले होते. तात्यांची बोटं खिळे जुळवताना चुकायला लागली. मला वाटलं, शरदला आता काही सांगण्यात अर्थ नाही, तो ऐकणारच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शरद स्वतः छापखान्यात उभा. भुसावळहून सरळ इथेच आला होता, हातात पिशवी. त्याने खिशातून तो कागद काढून आमच्या दगडी टेबलावर पसरला आणि विचारलं, हे पत्र कुणी तपासलं. मी म्हटलं, आम्ही दोघांनी. म्हणाला, वाचून दाखवा. मी धडाधड वाचलं.

“शरद, हे मीच लिहिते आहे. मामा नाही. तू माझ्यासाठी थांबलास तर मला रोज वाईट वाटतं. लग्न कर. मला वहिनी हवी आहे. कमल.”

शरदने मान हलवली आणि कागद दादासाहेबांपुढे केला. दादासाहेबांनी चष्मा लावला. कागद जवळ धरला, लांब धरला, फिरवून पाहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “नारायण, यात एकही अक्षर नाही.”

तेव्हा मला कळलं. मी तिला ठशांवरून शिकवलं होतं. सगळी अक्षरं उलटी, ओळ उजवीकडून डावीकडे. वर्षभर मी आणि तात्या तिच्यासमोर बसलो होतो, पत्र दोघांनी तपासलं होतं, मात्रासुद्धा दुरुस्त केली होती. जगात दुसऱ्या कुठल्याही दोन माणसांना पत्र बघताक्षणी कळलं असतं. आम्हाला नाही कळलं. तात्यांनी कागद ओढून घेऊन पुन्हा पाहिला. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आंधळ्या मुलीचं एक वर्ष मी वाया घालवलं होतं, आणि तिच्या भावाचं लग्नही जवळजवळ घालवलं होतं.

शरदने मग सांगितलं. पत्र उघडलं तेव्हा त्याला नुसत्या रेघोट्या दिसल्या. बिचारीने लिहायचा प्रयत्न केला असावा, असं समजून त्याला भरून आलं. उत्तर काय द्यावं हे कळेना, आणि कागद टाकून द्यायलाही हात होईना. तीन आठवडे तो खिशात बाळगला. परवा हजामाच्या खुर्चीत बसल्यावर त्याने सहज तो काढून पुन्हा पाहिला, पलटताना लिहिलेली बाजू समोरच्या आरशाकडे झाली, आणि त्यात स्वतःचं नाव दिसलं. अर्धी दाढी झालेली असताना त्याने सगळं पत्र आरशात वाचलं. हजामाला वाटलं, घरून कुणी गेल्याची बातमी आली.

एवढ्यात कमलताई डबा घेऊन आली. शरदचा आवाज तिने उंबऱ्यातच ओळखला. काय झालं ते मीच तिला सांगितलं, कारण चूक माझी होती. म्हटलं, मी सुलट अक्षरं कापून देतो, आपण पुन्हा पहिल्यापासून शिकू. मग तिने विचारलं, “पण शरद, तू वाचलंस ना?” तो हो म्हणाला. “आणि लग्न?” त्यालाही तो हो म्हणाला. तेव्हा ती हसली. “मग पुन्हा शिकायला माझ्याने व्हायचं नाही. त्यालाच आरशात बघायची सवय होऊ दे. नवरदेव आहे.”

ती हसली म्हणून माझं ओझं उतरलं नाही. मी सुलटी अक्षरं कापायला घेतलीच. छापखान्याच्या दृष्टीने निरुपयोगी असा तो एकमेव संच असता. पाच-सहा अक्षरं झाली असतील. दंगलीच्या पत्रकाचं काम चालू होतं, आणि दाब नीट बसेपर्यंतचे पहिले काही कागद, अक्षरं रुतलेले, रद्दीत पडले होते. त्यातला एक कमलताईने डबा गुंडाळायला घेतला. कागद मांडीवर उपडा ठेवून तिचं बोट त्याच्यावरून चाललं होतं. एकाएकी तिने विचारलं, “दंगल कुठे आहे? दूधनाक्याला का?”

मी पटाशी खाली ठेवली. तुला कुणी सांगितलं, म्हणून विचारलं. इथे लिहिलंय की, ती म्हणाली.

ठसा उलटा, छपाई सुलट, आणि छपाईच्या पाठीवर उठून आलेलं अक्षर पुन्हा उलटं. म्हणजे बरोबर तिचं अक्षर. ज्या खोटीपायी दादासाहेब कागद परत करायचे, ती खोट फक्त हिच्यासाठी छपाई होती. मी कापलेली सुलटी अक्षरं तशीच बाजूला टाकली.

शरदच्या लग्नपत्रिका आमच्याकडेच छापल्या, रीतीप्रमाणे नाजूक खिळ्यांत. त्या झाल्यावर मी शरदला गाठून माझ्या मनात काय आहे ते सांगितलं. त्याने तिथेच उभ्या उभ्या मजकूर सांगितला. मी बोटाच्या पेराएवढी पहार कापली, फक्त त्या मजकुरापुरती, आणि जाड कार्ड घेतलं. छापायच्या कागदामागे असते त्या गादीवर जास्तीचे कागद चढवले की मशीनचा दाब वाढतो. तसे चढवले आणि एक कार्ड काढलं. मागे बघतो तो दादासाहेब. लग्नपत्रिका, तिच्यात पहार, आणि पाठीवर ठसा. दोन्ही नियम एका कार्डात मोडलेले.

त्यांनी कार्ड उपडं केलं आणि सवयीने बोट फिरवलं. कपाळाला आठी पडली. मी थोडक्यात सांगितलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा एकदा, हळू, बोट फिरवलं. म्हणाले, “नीट लागत नाही. अजून दोन कागद घाल.”

दुपारी कमलताई आली तेव्हा शरदने कार्ड तिच्या हातात दिलं, उपडं. तिने उजव्या कडेवर बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. ओठ हलत होते. मजकूर एवढाच होता: ताई, माझ्या लग्नाला ये. शरद. शेवटच्या अक्षरापर्यंत पोचल्यावर ती पुन्हा पहिल्यावर गेली. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर म्हणाली, “मला आजवर कुणाचं पत्र आलं नव्हतं. आलेलं कुणीतरी वाचून दाखवायचं.” तात्या डबा तसाच ठेवून हात धुवायला बाहेर गेले. मशीनवरचा माणूसही गेला. मला जायला जागा नव्हती, म्हणून मी तिथेच उभं राहून रडलो. हे लिहायला मला आता लाज वाटत नाही.

वर्षाने ती कार्ड घेऊन आली. बोट फिरवून फिरवून अक्षरं बसली होती. पुन्हा उठवून मिळतील का, तिने विचारलं. मी तेच ठसे मशीनवर चढवले, शाई न लावता, आणि पहिल्या ठशावर केसभरही न हलता बसेल असं कार्ड धरून दाब दिला. मग तो रिवाजच पडला. दर वर्षी तुळशीच्या लग्नाआधी ती यायची, आणि मी कार्ड दाबून द्यायचो. शरदची मुलं मोठी झाली. एका वर्षी भाची तिचा हात धरून आली, नंतर भाचीची मुलगी यायला लागली.

छापखाना बंद झाला तेव्हा पहारीची बाकीची अक्षरं कुणाच्या तरी बंबात गेली. वाईट वाटलं. पत्रकं तर भिंतीवरच विरली होती, आता ठसेही गेले. मी ते कार्डाचे छोटे ठसे तेवढे घरी आणले, आणि एका बायंडरकडचा पुस्तकं दाबायचा जुना लोखंडी दाब.

शरद जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या कार्तिकात कमलताई आल्या होत्या. हो, आता मी त्यांना अहोजाहोच करतो. वय झालं दोघांचंही. कार्ड आता फडक्यासारखं मऊ झालं आहे. मी ठसे लावले, कार्ड बसवलं, पण हात हलला आणि दाब दिल्यावर कळलं की ठसा केसभर सरकला. जुनं अक्षर एक आणि त्याच्या बाजूला नवं एक, प्रत्येक अक्षर दोनदा उठलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून असं झालं. मी माफी मागितली.

त्यांनी कार्ड उपडं केलं आणि उजव्या कडेवर बोट ठेवलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

“असू दे हो, नारायणराव,” त्या म्हणाल्या. “त्याने दोनदा बोलावलं.”